घर पाहावे श्रावणात

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गंगाखेड येथे केलेले भाषण)



अभियंत्याने बोलावे अशा विषयावर एका सेवानिवृत्त शिक्षकाने उभे राहावे, हे काहींस धार्ष्ट्य वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढची सारी हयात फळा, खडू आणि गळक्या वर्गखोल्या यांच्या सहवासात गेली. तथापि चिटणीसांनी आग्रह धरला आणि आम्हीही तो फारसा मोडला नाही, याचे कारण आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे येणारा ठराव हे होय. आपला शिष्यवृत्ती निधी आजवर बँकेत मुदतठेवीच्या रूपाने आहे. तो काढून नव्या वस्तीतील एक दुमजली इमारत विकत घ्यावी, खालचे चार गाळे व वरची दोन बिऱ्हाडे भाड्याने द्यावीत आणि त्या भाड्यातून मुलामुलींना शिष्यवृत्त्या द्याव्यात, असा तो ठराव आहे. ठरावासोबतचे टिपण आम्ही दोनदा वाचले. व्याज किती, भाडे किती, जागेची किंमत पुढे किती वाढेल, हे सारे त्यात नेटकेपणाने मांडले आहे. पण त्यात ओलीचा उल्लेख कोठेही नाही. एवढी एकच उणीव भरून काढण्यासाठी आम्ही उभे आहोत.

हा प्रश्न मंडळापुरताच आहे असेही नाही. सेवानिवृत्तीची रक्कम हाती आली, अथवा शेताचा तुकडा विकला, की परभणीस, छत्रपती संभाजीनगरास किंवा पुण्यास एखादी सदनिका घेऊन ठेवावी, हा आपल्यांत आता रिवाजच पडला आहे. ‘घर पाहावे बांधून’ असे जुने लोक म्हणत. आज आपण घर बांधीत नाही, तयार विकत घेतो. त्यामुळे बांधताना जे कळावयाचे ते घेताना कळत नाही, आणि कळते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

आमच्याच घरची कथा सांगतो. आम्ही नोकरीतून मुक्त झालो त्या वर्षी उपदानाची व भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकवट हाती आली. शिक्षकाच्या हाती एवढा पैसा आयुष्यात एकदाच येतो, आणि तो येताच सल्ला देणारांची दाटी होते. परभणीस तळमजल्यावरील, दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेली एक सदनिका आठ वर्षांची जुनी म्हणून थोडी स्वस्त मिळत होती. आम्ही ती मार्गशीर्षात पाहिली. बाहेर कोवळे ऊन, आत भिंती नुकत्याच रंगविलेल्या. नव्या रंगाचा वास आला तेव्हा आम्हांस प्रसन्न वाटले. वास्तविक शंका यावयास हवी होती. खरेदीखत झाले. महिना साडेसहा हजार रुपये भाड्याने एका कारकुनाचे बिऱ्हाड आले. नवराबायको आणि दोन वर्षांची मुलगी.

आषाढात जमिनीलगत वीतभर उंचीचा काळसर पट्टा उमटला. श्रावणात तो कमरेपर्यंत चढला, रंग फुगला आणि त्याचे पोपडे गळू लागले. भाद्रपदात कपाटाच्या पाठीस व गाद्यांस बुरशी आली. त्या बाईंनी दूरध्वनी केला, “गुरुजी, मुलीचा खोकला राहत नाही. घरात ओल आहे का, असं डॉक्टर विचारतात.” आम्ही उत्तर दिले की, पावसाळा आहे, चालायचेच, खिडक्या उघड्या ठेवा, दिवाळीस रंग देऊन टाकू. दसऱ्यापूर्वीच ते बिऱ्हाड निघून गेले. जाताना शेवटच्या महिन्याचे भाडे त्यांनी पैसाही न कापता दिले, हे आम्हांस आजही बोचते. ओलसर व बुरशी धरलेल्या घरात राहणारांस दमा व श्वसनाचे विकार अधिक संभवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. ते आम्ही पुष्कळ नंतर वाचले. परंतु लेकराचा खोकला ऐकू येण्यास मार्गदर्शिकेची आवश्यकता नव्हती. चाळीस वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या माणसाने त्या वेळी भाड्याचा आकडा ऐकला, खोकला ऐकला नाही.

दिवाळीत आम्ही रंग दिला. साधा नव्हे, ओल अडविणारा म्हणून विकला जातो तो. अडतीस हजार रुपये लागले. डब्यावर दहा वर्षांची हमी छापलेली होती. परंतु पुढल्या श्रावणात तोच पट्टा त्याच जागी पुन्हा हजर झाला. फरक इतकाच की, या खेपेस पोपडे अधिक जाड निघाले.

मग आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो गवंडीकाम करतो. गणितात कच्चा म्हणून आम्ही त्यास किती वेळा बाकावर उभे केले असेल याची गणती नाही. तो आला, भिंतीवरून पालथा हात फिरविला, आणि कोणते रसायन लावावे हे सांगण्याऐवजी त्याने प्लॅस्टिकचा हातभर कागद मागितला. चारी कडा चिकटवून तो भिंतीवर घट्ट बसविला व दोन दिवस तसाच ठेवावयास सांगितला. कागदाच्या आतल्या अंगास घाम आला तर ओल भिंतीतली, बाहेरच्या अंगास आला तर ती कोंदट हवेतली. घाम आतल्या अंगास आला. मग त्याने वरच्या बिऱ्हाडाची न्हाणी विनंती करून चार दिवस बंद ठेवविली. तेवढ्यात दाराच्या माथ्यावरील डाग सुकू लागला. म्हणजे तिथला भिंतीत गाडलेला पाइप फुटका होता. परंतु जमिनीलगतचा पट्टा हलला नाही. तेव्हा पारदर्शक नळीत पाणी भरून, तिचे एक टोक घरात व एक बाहेर धरून त्याने पातळी पाहिली. बाहेरचे अंगण आतल्या फरशीपेक्षा नऊ इंच उंच निघाले. “गुर्जी, घर नाई खचलं,” तो म्हणाला, “रस्ता वर आलाय.” खरेच, त्या रस्त्यावर जुना थर न काढता नवा थर दोनतीनदा चढविला गेला होता, आणि सोसायटीने अंगणही त्याच्या बरोबरीस आणले होते. दर पावसाळ्यात ते सारे पाणी आमच्या भिंतीच्या पायथ्याशी मुक्कामास येई. आपल्या गंगाखेडातही अनेक घरांच्या पायऱ्या अशाच एकेक करून रस्त्याच्या पोटात गेलेल्या आहेत. घरी गेल्यावर आपापली जोती एकदा पाहावीत.

पाइप बदलला, भिंतीलगत चर खणून त्यात खडी भरली, पाण्यास उतार दिला, खालचा चार फूट गिलावा काढून भिंत उन्हाळाभर सुकू दिली आणि मग नवा केला. यास सत्त्याण्णव हजार रुपये पडले. आधीचे अडतीस हजार मिळवून एक लाख पस्तीस हजार झाले, म्हणजे जवळजवळ एकवीस महिन्यांचे भाडे. घर रिकामे राहिले ते सात महिने त्यात धरले म्हणजे दोन वर्षे चार महिन्यांची कमाई ओलीने नेली. त्या गवंड्याने निदानाचे पैसे घेतले नाहीत. चहा तेवढा घेतला.

भिंत खालून पाणी का ओढते, याचे कारण आपल्यापैकी विज्ञान शिकविणारे बंधू जाणतात. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशीच वीट, माती व चुना आपल्या सूक्ष्म छिद्रांवाटे पाणी वर ओढतात; यास केशाकर्षण म्हणतात. जोत्याच्या पातळीस पाणी अडविणारा थर घातलेला नसेल तर ओल तीनचार फूट सहज चढते. वर चढलेले पाणी हवेत उडून जाते, पण त्याने जमिनीतून आणलेले क्षार मागे भिंतीतच राहतात. ते स्फटिकरूप होताना फुगतात व गिलावा आतून फोडतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीस वरून रंग दिल्याने काय साधते, ते आम्ही अडतीस हजारांस शिकलो. जुन्या मातीच्या व दगडी भिंतींस बाहेरून सिमेंटचा गिलावा करणारे तर याहून मोठी चूक करतात. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीची वाफ बाहेर पडत असे. सिमेंटने ती कोंडली जाते, आणि ओल कमरेऐवजी खांद्यापर्यंत चढते. आमच्या आळीतील एका जुन्या वाड्याची अशी ‘सुधारणा’ झालेली आम्ही पाहिली आहे.

आता आपल्या मातीकडे वळू, कारण आजच्या ठरावातील इमारतीशी तिचा संबंध आहे. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीस दोन नावे दिली. पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ही केवळ रंगाची नावे नव्हेत. आपली काळी जमीन काळ्या बसाल्ट दगडाच्या झिजेपासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकण असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात पडणाऱ्या भेगांत हात घालून पाहिलेला नाही असा मराठवाड्यातील शेतकऱ्याचा मुलगा विरळा. कापसास व ज्वारीस जो गुण, तोच घरास अवगुण. अशा जमिनीवर उथळ पाया घातलेले घर पावसाळ्यात किंचित उचलले जाते व उन्हाळ्यात बसते, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हे. मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात आणि पावसास आयती वाट मिळते. म्हणून काळीत घर बांधणारास पाया मुरुमापर्यंत नेणे भाग असते. काळी फार खोल असेल तेथे तळाशी फुगीर ठेवलेल्या खांबांचा पाया घालतात. ती पद्धत रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केलेली आहे. परंतु पाया हा जमिनीत गाडला जात असल्यामुळे विकणारा तो दाखवीत नाही व घेणारा विचारीत नाही. पूर्वी गाव वसे ते उंचवट्याच्या पांढरीवर. आता पांढरी भरली, आणि भोवतालच्या काळीवर भूखंड पडले. अकृषिक परवान्याने काळीची पांढरी होत नाही. बदलतो तो फक्त सातबारा.

याच पांढऱ्या मातीची आणखी एक हकीकत आहे, आणि ती सांगताना आमचे मन थोडे जड होते. आमचे बालपण माळवदाच्या घरात गेले. तुळयांवर सर, सरांवर लाकडाच्या ढलप्या आणि त्यावर पांढरीचा जाड थर. उन्हाळ्यात असे थंडगार घर दुसरे नाही. मृगापूर्वी वडील व काका माळवदावर नवी माती पसरीत, चोपून तिला उतार देत, पन्हळी साफ करीत. रात्री अपरात्री झड लागून एखादा खण ठिबकू लागला की कोणीतरी पोते पांघरून वर चढे आणि गळती जेथे असेल तेथे मातीचे चार पायटे टाकून पायाने दाबी. खाली आम्ही मुले भांडी मांडून बसत असू. दर वर्षी माती चढे. जुनी मात्र सहसा कोणी उतरवीत नसे. उतरविण्यास मजूर लागतात, आणि वर टाकण्यास एक टोपले पुरते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही त्या वेळी तिशी ओलांडलेले होतो. गंगाखेडातही भांडी खणखणली व सारी आळी रस्त्यावर आली; खरा कहर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झाला. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. नंतर तज्ज्ञांनी जे लिहिले त्यात एक गोष्ट वारंवार येते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा बोजा. काही घरांवर तो दोन फुटांहूनही अधिक जाड होता. गळती थांबावी म्हणून ज्या हातांनी प्रेमाने माती टाकली, त्यांनीच नकळत डोक्यावरचा भार वाढविला होता. त्या माणसांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. आमचे वडीलही तेच करीत. पण झाकणे आणि दुरुस्त करणे यांतील अंतर आम्हांस त्या वर्षी कळले, आणि तरीही पुढे परभणीच्या सदनिकेत आम्ही रंगावर रंग चढविला. आजही गच्ची गळू लागली की विटांच्या तुकड्यांच्या जुन्या कोब्यावर नवा कोबा घालणारे लोक आहेत. ओझे वाढते आणि भेग खाली होती तशीच राहते. जुना थर काढून, स्लॅब उघडा करून, भेग बुजवून मगच नवा थर द्यावा, आणि दर दहा फुटांस निदान सव्वा इंच उतार पन्हळीकडे ठेवावा. काम झाल्यावर गच्चीवर बांध घालून दोनतीन दिवस पाणी कोंडून ठेवावे. खाली डाग उमटला नाही तरच गवंड्याचा हिशेब पुरा करावा.

सिमेंट-लोखंडाच्या घरास ओलीचे भय नाही, ही समजूतही खरी नव्हे. काँक्रीटच्या आतील लोखंडास पाणी व हवा पोचली की ते गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून पाडतो. छताचा तुकडा पडून सळई उघडी दिसते ती यामुळे. पाणी इतके आत शिरते तरी कसे? येथे आपल्या मुलखाची एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. काँक्रीट ओतल्यावर त्यास निदान सात दिवस, शक्यतो चौदा दिवस सतत पाणी द्यावे लागते. अन्यथा ते सच्छिद्र राहते. २०१२ च्या दुष्काळापासून २०१६ पर्यंत मराठवाड्याने जे हाल सोसले ते आपणांस ठाऊक आहेत. एप्रिल २०१६ मध्ये तर लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या काळात बांधणारांनी टँकर विकत घेऊन घरे उभी केली. पिण्याची जेथे पंचाईत, तेथे भिंतींस चौदा दिवस कोण पाजणार? काहींनी बोअरचे खारट पाणीच वापरले. पाण्याच्या दुष्काळात बांधलेली ती घरे आज पावसाळ्यात सर्वांत आधी पाझरतात. म्हणून इमारत कोणत्या साली बांधली, हे विचारावे. नुसती ‘दहा वर्षांची’ म्हटल्याने भागत नाही.

बंद घरांविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण या सभागृहात पुण्यामुंबईहून आलेली बरीच कुटुंबे आहेत. आपली येथील घरे कुलुपात आहेत. वापरातल्या घरात चूल पेटते, दारे उघडतात, कोणीतरी झाडलोट करते आणि गळती त्याच दिवशी दिसते. बंद घरात पन्हळीत पारव्यांची घाण साचून पाणी तुंबते, आणि ते दिसते पुढच्या दिवाळीत. भिंतीत पिंपळाचे रोप उगवते. ते तोडावयाचे नाही म्हणून शेजारी हात लावीत नाहीत, आणि मूळ भिंत उकलत जाते. पिंपळ वीतभर असतानाच मुळासकट काढून गोदेच्या काठी लावावा. त्यात पापही नाही आणि घरही वाचते. जनाबाईंच्या या गावात झाडलोटीचे माहात्म्य आम्ही वेगळे काय सांगावे! किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा, आणि त्यास पावसाळ्याचे चार महिने पंधरवड्यातून एकदा घर उघडण्याचे काही मानधन द्या, इतकीच सूचना.

भाडे आणि दुरुस्ती यांचा संबंध तुटला म्हणजे काय होते, हे पाहावयास मुंबईस जावे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील जुनी भाडी १९४० च्या पातळीस बांधली गेली. मालकांस डागडुजीत काही लाभ उरला नाही, भाडेकरूंची घरावर सत्ता नव्हती, आणि दर पावसाळ्यात इमारती ढासळू लागल्या. अखेरीस सरकारने १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापिले व जुन्या इमारतींवर उपकर बसविला. आजही पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. तेथे दोष कायद्याचा म्हणता येईल. आपण मात्र स्वखुशीने, सगळे भाडे खर्चून टाकून, तीच अवस्था ओढवून घेणार काय?

कायद्याच्या दोनच गोष्टी सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे तेथे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती टाळल्यास भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतची रक्कम भाड्यातून वळती करू शकतो. दुसरे असे की, नवी सदनिका घेणारास, प्रकल्प रेरा कायद्याखाली येत असेल तर, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामाचे दोष बिल्डरकडून विनामूल्य दुरुस्त करून घेता येतात. पहिल्या पावसाळ्यातच भिंतींची छायाचित्रे तारखेसह काढून लेखी कळवावे. तोंडी तक्रारीचे पुढे काही होत नाही.

व्यक्तीच्या घरभाड्यावर आयकर आकारताना, नगरपालिकेचा कर वजा गेल्यावर उरलेल्या रकमेतून सरकार तीस टक्के सरसकट वगळते, मग आपण दुरुस्ती करा अथवा न करा. म्हणजे भाड्याचे शंभर रुपये हे शंभर रुपयांचे उत्पन्न नव्हे, इतके सरकारासही मान्य आहे. आपल्या टिपणात मात्र शंभरचे शंभर शिष्यवृत्तीकडे लावले आहेत.

आता त्या इमारतीकडे येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून प्रचंड विसर्ग सुटला व गोदाकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले, हे आपण पाहिलेच. त्याच दिवसांत, पाऊस थोडा उघडला तेव्हा, आम्ही त्या गवंडी विद्यार्थ्यास घेऊन ती इमारत पाहून आलो. पुढची बाजू उत्तम आहे. मागच्या भिंतीस मात्र जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओल होती व तेथे शेवाळ धरले होते. वरच्या मजल्यावर उत्तरेकडील खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली आहे. तीत कधीतरी लांबी भरली असून ती पुन्हा उकलली आहे. याचा अर्थ ती भेग अजून हलते. गच्चीवरील दोन पन्हळींपैकी एक बुजलेली होती. जागा काळीवर आहे. पाया मुरुमापर्यंत गेला आहे की नाही, हे मालकाने नीट सांगितले नाही. त्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, त्या इमारतीस नवा रंग दिला गेला. मालक लबाड आहे असे आम्ही म्हणत नाही. सण आला की सारेच रंग देतात.

ही इमारत घेऊच नये, असेही आमचे म्हणणे नाही. आमची उपसूचना अशी आहे. विसार देण्यापूर्वी भिंतीच्या कडेस दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया पाहावा, आणि एखाद्या इमारत अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा; त्याची फी निधीतून पडली तरी चालेल. दुरुस्तीचा अंदाज मागितलेल्या किमतीतून वजा करून मग बोलणी करावीत. शक्य तर पुढचा श्रावण जाऊ द्यावा. आणि इमारत घेतलीच तर दरमहा भाडे जमा होताच त्याचा चौथा हिस्सा दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जावा. त्यास शिष्यवृत्तीसाठीही कोणी हात लावू नये. धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीचा विषय चिटणीस मांडतीलच.

खजिनदारांनी काल आम्हांस विचारले, “गुरुजी, मुलांच्या तोंडचा घास काढून भिंतीला घालायचा?” प्रश्न रास्त आहे. चौथा हिस्सा बाजूस काढला तर यंदा चौदांऐवजी दहा अथवा अकरा विद्यार्थ्यांनाच मदत मिळेल, हे आम्ही मांडून पाहिले आहे. ज्या तिघाचौघांस ‘नाही’ म्हणावे लागेल, त्यांच्या आईबापांस तोंड द्यावयास आम्ही स्वतः जाऊ. पण आम्ही शाळेत असताना एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. ज्या मुलीस पहिल्या वर्षी मदत मिळालीच नाही, ती कोठूनतरी दुसरी वाट काढते. जिला दोन वर्षे मदत मिळाली आणि तिसऱ्या वर्षी ‘गाळे रिकामे आहेत, भाडे येत नाही’ म्हणून ती थांबली, ती मात्र घरी बसते आणि पुन्हा परत येत नाही. आपल्या यादीत आज परिचारिका शिक्षणक्रमाच्या दुसऱ्या वर्षास असलेल्या दोन मुली आहेत. गाळ्यांची छपरे गळू लागली तर त्यांचे तिसरे वर्ष कोण भरणार, हे ठरावाच्या सूचकांनी दुपारी सांगावे.

इमारतीची किल्ली सध्या चिटणीसांकडे आहे. जेवणानंतर सभा सुरू होण्यास तास-दीड तास अवधी आहे. कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी आमच्यासोबत यावे. तो गवंडीही येणार आहे. रंग नवा आहे, तेव्हा पुढून काही दिसणार नाही. आपण मागच्या बाजूने जाऊ.